शेवटचा अर्धा किलोमीटर

प्रिय टिंबू,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा संध्याकाळ होत आलेली असेल, आणि ते टपालाने आलेले नसेल. ते आणून देणाऱ्या बाई तुझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. आईच्या शेवटच्या सात आठवड्यांत रोज सकाळी आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या, एक गोळी जरी उरलेली दिसली तरी जाब विचारणाऱ्या, आणि म्हणूनच आईने 'फौजदारबाई' असे नाव ठेवलेल्या त्याच परिचारिका. त्यांची गाडी चार वाजता इथून निघते. आता एक वाजून दहा मिनिटे झाली आहेत. म्हणजे माझ्याजवळ दोन तास पन्नास मिनिटे आहेत, आणि त्याआधीची वीस मिनिटे मी कागद समोर ठेवून खोलीत येरझाऱ्या घालण्यात घालवली आहेत.

तुझी जुनी तक्रार मी विसरलेलो नाही. तीन वर्षांपूर्वी माझे शेवटचे पत्र तू न फोडता परत पाठवलेस आणि पाकिटावर लिहिलेस, 'बाबा, मी परीक्षेला बसणार नाही.' मी ते पाकीट ठेवून दिले आहे. आई म्हणत असे की यांना 'किती वाजले' विचारले तर हे घड्याळ कसे चालते इथून सुरुवात करतात. तेव्हा आपण तिघेही हसत असू. हे पत्र मी लहान लिहिणार होतो. पण क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, आणि या वेळी क्रम समजला नाही तर शेवट समजणार नाही. तेव्हा एवढा एक धडा सहन कर.

मी कुठे बसलो आहे ते आधी सांगतो. कालव्याचे पाणी जिथे संपते तिथल्या पाणी अडवणाऱ्या शेवटच्या दाराजवळ दार राखणाऱ्याची एक खोली आहे. एक लोखंडी खाट, एक पाय आखूड असलेले टेबल, भिंतीवर पाण्याच्या पातळीचा तक्ता. माझे पाय कोमट मिठाच्या पाण्याच्या बादलीत आहेत, कारण डाव्या टाचेला फोड आला आहे आणि फौजदारबाईंनी हुकूम सोडला आहे की अर्धा तास हलायचे नाही. हुकूम पाळला गेलेला नाही. बादलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत ओल्या पावलांच्या तीन रांगा फरशीवर उमटल्या आहेत. बाई मघाशी डोकावल्या आणि म्हणाल्या, काका, तीनशे किलोमीटर पुरे झाले नाहीत का? चेष्टेत त्यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे.

गोष्ट अशी. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या या पथकाकडे दोन परिचारिका आणि एकच गाडी आहे. ती गाडी आता चढावर थांबून विचार करते. दुसरी गाडी मिळाली नाही तर नदीपलीकडच्या बारा घरांकडे जाणे बंद करावे लागेल, असे बाईंनी दोन महिन्यांपूर्वी मला सांगितले. मी त्यांना विचारले की मी काय करू शकतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, तुम्हाला काय येतं? चाळीस वर्षे मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला दोनच गोष्टी येतात, चालणे आणि मोजणे. तेव्हा ठरले की मी तीनशे किलोमीटर चालायचे आणि लोकांनी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम पथकाला द्यायची.

मी घरोघर फिरलो. नकाशा पसरून प्रत्येकाला मार्ग समजावला. कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याने निम्मे ऐकल्यावरच आकडा लिहून दिला आणि हात जोडले. दुकानात गिऱ्हाईक खोळंबले होते. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की सपाटीवर काय, कोणीही चालेल, त्या फक्त चढाच्या किलोमीटरांचे पैसे देतील. कालव्याकाठच्या रस्त्याला चढ जवळजवळ नसतोच, कारण पाण्याला तो चालत नाही, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांना ते ठाऊक आहे.

माझ्यासोबत कोण चालले असेल हे तू ओळखले असशील. आपला ओळंबा. सहा फूट दोन इंच, नावाप्रमाणे दोरीला टांगलेल्या वजनासारखे ताठ, आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त नाही. तीस वर्षे माझ्या मोजणीच्या साखळीचे दुसरे टोक त्यांनी धरले. लहानपणी तू त्यांच्या खांद्यावर बसून, ढगाला हात लागतो का, असे विचारायचीस. ते आता निवृत्त आहेत, गुडघा दुखतो, तरी मी विचारताच दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर झाले. पण सवय बघ. पुढचा माणूस साखळी ओढत जातो आणि मागचा शून्यावर थांबतो, हे तीस वर्षांत त्यांच्या अंगात इतके मुरले आहे की सबंध वाटभर ते माझ्यामागे साखळीच्या लांबीएवढ्या, बरोबर तीस मीटरवर चालले. मी थांबलो की ते थांबत. मी वळून बोलावले की हात वर करत, म्हणजे 'ठीक आहे, पुढे चला.' वीस दिवस आम्ही एकत्र चाललो आणि वीस दिवस मी जवळजवळ एकटाच बोललो. फोन दोघांचेही पिशवीत बंद. मोजणीची पद्धत आमची जुनीच. ते पावले मोजत आणि दर किलोमीटरला कमरेच्या दोरीला एक गाठ मारत. वहीत रोजच्या मुक्कामाचे ठिकाण आणि वेळ मी लिहायची, साक्षीदार म्हणून सही त्यांनी करायची, आणि अंतराचा रकाना शेवटी गाठी मोजून एकदाच भरायचा, कारण मधल्या बेरजांवर माझा विश्वास नसतो.

प्रवास फार चांगला झाला. मी घरी बसून केलेल्या तक्त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी आम्ही वीस-पंचवीस मिनिटे आधीच मुक्कामाला पोहोचत होतो. मला याचा भलताच अभिमान वाटला. पासष्टाव्या वर्षी वेग वाढतो आहे! केस कापणाऱ्याला मी कार्ड टाकून तसे कळवलेसुद्धा. ओळंबांना विचारले, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी हात वर केला.

सातव्या दिवशी बोगद्याचा डोंगर आला. बोगद्यातून चालता येत नाही, म्हणून आम्ही कालव्याच्या जुन्या वळणाने डोंगराला वळसा घातला. त्या दिवशी मी बोललो नाही. तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी मी तिथेच होतो. बोगदा दोन्ही टोकांकडून खणत आणतात आणि मध्ये दोन्ही तोंडे एकमेकांसमोर यावी लागतात. दिशा देणारा मी होतो. मंगळवारी दुपारी तुझा फोन आला की आई आता कोणाला ओळखत नाही, मधूनच डोळे उघडते आणि दाराकडे बघते. मी तुला सांगू लागलो की शेवटच्या चाळीस मीटरांत एवढीशी दिशा चुकली तर दोन्ही तोंडे चुकून जातील, की माझ्या जागी उभा राहील असा माणूस नाही, की काम गुरुवारी संपेल. अकरा मिनिटे मी बोललो. तू एकदाच बोललीस. 'बाबा, समजावू नका. या.'

इथे मी उठून पुन्हा खिडकीशी जाऊन आलो. दोन वाजले आहेत. बाहेर फौजदारबाई गाडीचे टायर लाथेने तपासत आहेत आणि खजिनदार त्यांना हवेचा दाब शिकवत आहेत. पुढचे मी नंतर लिहितो, आधी आजची सकाळ.

आज सकाळी नऊला आम्ही इथे पोहोचलो. बाई आणि पथकाचे खजिनदार गाडी घेऊन आधीच आले होते. चहा झाला, छायाचित्र झाले. ओळंबा छायाचित्रातही माझ्यापासून लांब उभे आहेत. मग मी वही उघडली आणि त्यांना दोरी मागितली. त्यांनी ती कमरेची सोडली, खाटेवर अंथरली, आणि मी गाठी मोजल्या. दोनशे सत्त्याऐंशी. पुन्हा मोजल्या. खजिनदारांनी मोजल्या. दोनशे सत्त्याऐंशी, आणि शेवटच्या गाठीनंतर अर्ध्याहून थोडे कमी. मी ओळंबांकडे बघितले तर ते छताकडे बघत होते. ज्या माणसाच्या मोजणीवर मी तीस वर्षे डोळे मिटून सह्या केल्या, त्याच्या तेरा गाठी सुटतील हे शक्यच नव्हते. म्हणून मी नकाशे काढले.

चूक मला दोन मिनिटांत सापडली. थोडे समजावू दे, हे शेवटचे. मोठा नकाशा एका कागदावर मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे करतात. या कालव्याचे नऊ आहेत. प्रत्येक तुकड्याच्या कडेला शेजारच्या तुकड्याची बारीक पट्टी पुन्हा छापलेली असते, दोन बोटांएवढी, कागद एकमेकांवर नीट बसावेत म्हणून. मोजताना ती पट्टी दुमडायची असते. दुमडली नाही तर तेवढी वाट दोनदा मोजली जाते. पहिल्याच दिवशी नव्या पोरांना हे शिकवतात. मी स्वतः बत्तीस वर्षे शिकवले, आणि जो विसरेल त्याला दिवसभर साखळी पुसायला लावली. आणि मी नऊच्या नऊ कागद सपाट ठेवून मोजले होते. आठ जोड, प्रत्येक जोडाला दीड किलोमीटरहून किंचित जास्त. एकूण बारा पूर्णांक सहा दशांश किलोमीटर कमी. वेग वाढला नव्हता, टिंबू. वाट आखूड होती.

खजिनदार भला माणूस आहे. ते म्हणाले, तीनशे लिहा, कोण येतंय मोजायला? मी म्हणालो की मोजणाऱ्यालाच तुम्ही हे विचारता आहात. लोकांनी किलोमीटरला पैसे दिले आहेत, माझ्या चेहऱ्याला नव्हे. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग सुचवला, आणि हिशेबाने तो अगदी निर्दोष होता. कालव्याच्या कडेने सव्वासहा किलोमीटरांहून थोडे जास्त मागे जा, आणि परत या. संध्याकाळी चहा पुन्हा करू.

मी लगेच निघालो. बूट घातले आणि आलेल्या वाटेने चालू लागलो. अर्धा किलोमीटर गेल्यावर सवयीने त्यांना बोलवायला मागे वळलो. तीस मीटरवर कोणी नव्हते. वीस दिवसांत पहिल्यांदा माझ्यामागे नुसता रस्ता होता. मी तिथे किती वेळ उभा राहिलो ते मी मोजले नाही. मग परत आलो. ओळंबा दाराच्या कठड्यावर बसून गुडघा चोळत होते. मी जरा तावातच विचारले की साक्षीदार नसेल तर ते अंतर धरायचे कसे? ते म्हणाले की ज्या वाटेने आलो तिच्यावर मागे जाऊन केलेल्या बेरजेला ते सही देणार नाहीत. आणि मग त्यांनी सांगितले की पट्टी दुमडलेली नाही हे त्यांना सहाव्या दिवशीच कळले होते. मी म्हणालो, मग बोलला का नाहीत? 'बोललो असतो तर तुम्ही पुढच्याच गावाला दोन घिरट्या घालून तेवढं भरून काढलं असतं, साहेब. आणि इथं आल्यावर बरोबर तीनशे झाले म्हणून परत फिरला असता.'

आता तुला कळले पाहिजे की मी हाच कालवा का निवडला. सगळ्यांना मी सांगितले की तो सपाट आहे, सावलीचा आहे, मोजायला सोपा आहे. हे खरे आहे. पण पथकाला दरवर्षी आईच्या नावाने पैसे पाठवणारी व्यक्ती तू आहेस हे ज्या दुपारी फौजदारबाईंच्या तोंडून निसटले, आणि त्याबरोबर तुझ्या नव्या गावाचे नावही निसटले, त्याच दुपारी मी हे नऊ कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. माझे लक्ष आठ कागदांवर नव्हतेच. मी नववा शोधत होतो. त्याच्या उजव्या कडेला, कालवा संपतो त्याच्या पलीकडे, तुझे गाव आहे. मी ठरवले होते की इथवर यायचे, त्या दिशेने एकदा बघायचे आणि गाडीत बसून परत जायचे. तुझ्या इतक्या जवळ येऊन गेलो, एवढे माझ्यापुरते पुरले असते. अशी मी स्वतःची समजूत घातली होती. समजूत घालण्यात मी वाकबगार आहे.

तीन वाजून पाच मिनिटे. आता ते मागे ठेवलेले लिहितो.

त्या मंगळवारी, तुझ्या फोननंतर तासाभराने, मी तुला निरोप दिला की घाटात दरड कोसळली आहे आणि रस्ता बंद आहे. गुरुवारी बोगद्याची दोन्ही तोंडे मिळाली, फक्त चार बोटांचा फरक होता, लोकांनी मला खांद्यावर घेतले. शुक्रवारी मी घरी पोहोचलो. आई बुधवारी पहाटेच गेली होती. त्यानंतर वर्षभर मी तुला त्या दरडीबद्दल पत्रांतून समजावत राहिलो, किती दगड, किती माती, हटवायला किती तास. टिंबू, दरड नव्हती. रस्ता उघडा होता. सात तासांत मी घरी आलो असतो, मंगळवारी रात्री आई दाराकडे बघत होती तेव्हा. ओळंबांनी खात्याची जीप बोगद्याच्या तोंडाशी आणून उभी केली होती, पाण्याची बाटली आणि माझा कोट आत ठेवून. मी त्यांना गाडी परत लावायला सांगितले. मी का थांबलो याची कारणे माझ्याकडे आहेत, क्रमवार आहेत, आणि ती मी लिहिणार नाही.

आज कठड्यावर मी त्यांना म्हणालो की तुझ्या गावाकडे जाणे बरोबर होणार नाही, पोर दार उघडणार नाही, आधी सविस्तर पत्र पाठवतो, उत्तर आले तर बघू. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाले, 'गाडी तेव्हाही उभी होती, साहेब.' चार वर्षांत त्यांनी हा विषय पहिल्यांदा काढला. आवाजात दोष नव्हता. वहीत मुक्कामाचे नाव सांगावे तसे सांगितले. मग उठले आणि खोलीत जाऊन माझे मोजे धुऊ लागले.

साखळीने एकट्याला मोजता येत नाही. एक टोक कोणीतरी धरून ठेवावे लागते, आणि धरणाऱ्याला जागा सोडता येत नाही. त्या सात आठवड्यांत तू ते धरून उभी होतीस आणि दुसऱ्या टोकाला मी नव्हतो. तू त्यावर कधी भाषण दिले नाहीस. चार शब्द म्हणालीस, आणि मी त्यांना उत्तर म्हणून पत्रांचा ढीग पाठवला.

बाहेर फौजदारबाईंनी एकदा हॉर्न वाजवला आहे, म्हणून पत्र का लिहिले ते आता थेट सांगतो. हे पत्र उत्तर मागण्यासाठी नाही. मला बारा पूर्णांक सहा दशांश किलोमीटर चालायचे आहेत, आणि नवव्या कागदावर, पट्टी दुमडून, तीनदा मोजले, तर या दारापासून, बाईंनी खूण करून दिलेल्या तुझ्या दारापर्यंत तेरा पूर्णांक एक दशांश भरतात. उद्या सकाळी सहाला आम्ही निघू. टाचेचा फोड धरून दहापर्यंत पोहोचू. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी ओळंबा थांबतील. त्यांनी बजावले आहे की शेवटच्या तीस मीटरांना ते सही देणार नाहीत, तिथे दुसरा साक्षीदार हवा. मी वही घेऊन येईन, एक ओळ मोकळी आहे. दार एकदाच वाजवीन. उघडलेस तर मी काही समजावणार नाही. उघडले नाहीस तरी पथकाचे तीनशे किलोमीटर तुझ्या गावाच्या वेशीतच पुरे झालेले असतील, कोणाचे काही बुडणार नाही. त्यापुढचा अर्धा किलोमीटर कोणीही पैसे देऊन मागितलेला नाही. तो माझा आहे. येतो.

तुझाच,
अजून तेरा किलोमीटर लांब असलेला,
बाबा